बंद कोर उघडणं आणि ऑटो ओव्हरक्लॉक: दोन्ही एकदम करू नका

एएमडीचा जुना एएम३ सॉकेटवाला डेस्कटॉप असेल तर पहिलं हे पक्कं करा की कोर उघडणं (प्रोसेसरमधले कंपनीने बंद ठेवलेले हिशोब करणारे भाग चालू करणं) आणि ओव्हरक्लॉक करणं (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडने चालवणं) ही दोन वेगळी कामं आहेत. सगळीकडे एकच सल्ला मिळतो, बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जा, दोन्ही ऑप्शन ऑन करा, रीस्टार्ट मारा, झालं. असं करू नका, कारण मग मशीन हँग झालं की नवा कोर खराब आहे, का स्पीड जास्त झालाय, का रॅम ताणली गेलीय, काहीच कळत नाही आणि माणूस उगाच व्होल्टेज वाढवत बसतो.

प्रोसेसर कुठला ते बघा. फेनॉम २ एक्स२ ५५०, एक्स३ ७२० यांच्या आतला चिपचा तुकडा चार कोरचाच आहे, २००९ मध्ये ते दोन आणि तीन कोरचे म्हणून विकले गेले एवढंच. एक्स४ ९६०टी च्या आत सहा आहेत. ॲथलॉन २ एक्स३ मध्ये चौथा असतो, आणि काहींच्या आत फेनॉमचाच तुकडा असल्यामुळे कोरबरोबर ६ एमबी एल३ कॅशसुद्धा (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) उघडते. ॲथलॉन २ एक्स२ मात्र बहुतेक मुळातच दोन कोरचे, तिथे वेळ घालवू नका. काही चिपमध्ये कोर टेस्टमध्ये नापास झाला म्हणून बंद केलेला असतो, काहींमध्ये चांगला असूनही फक्त स्वस्त मॉडेलची मागणी भागवायला बंद केलेला असतो. तुमचा कुठला, हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

मदरबोर्डवर कोर उघडायची सोय हवी. एसबी७५० आणि एसबी७१० चिपच्या बोर्डवर ॲडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन म्हणजे एसीसी असतं, ते ऑटो करायचं. एसबी८५० मधून एएमडीने ते काढलं, मग बोर्डवाल्यांनी आपापले ऑप्शन दिले, असूसचं कोअर अनलॉकर, एमएसआयचं अनलॉक सीपीयू कोअर, अ‍ॅसरॉकचं यूसीसी. बायोसमध्ये यातलं काहीच नसेल तर विषय संपला, विंडोजमधून हे होत नाही.

बॅकअप घ्या, कूलर साफ करा, सीमॉस (बायोसची सेटिंग साठवणारी मेमरी) क्लिअर करायचा जंपर कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. जादा कोर बंद असतानाच प्राइम९५ (प्रोसेसरवर ताण टाकून टेस्ट करणारा प्रोग्राम) फुल लोडवर चालवा आणि दोन तापमानं लिहून ठेवा, एक कोरचं आणि एक बोर्डच्या सेन्सरचं. हे का, ते खाली येतं.

आता ऑप्शन ऑन करा, स्पीड आणि व्होल्टेजला हात न लावता. स्क्रीन काळीच राहिली तर सीमॉस क्लिअर. विंडोज चालू झालं तर टास्क मॅनेजरमध्ये कोर मोजा.

आणि इथेच लोक थांबतात, चार आलेख दिसले की काम फत्ते म्हणतात. या टप्प्याने मला सगळ्यात जास्त छळलंय म्हणून नीट सांगतो. विंडोज चालू होणं म्हणजे कोर चांगला असणं नाही. अर्धवट खराब कोर रोजच्या वापरात तासन् तास गप्प राहतो, ब्राउझर चालतो, पिक्चर चालतो, आणि मग एखादी झिप फाइल उघडेना होते, एखादा इन्स्टॉल मध्येच फुटतो. निळी स्क्रीन आली तर उलट बरं, निदान कळतं तरी. खरा धोका गुपचूप चुकीचा हिशोब करणाऱ्या कोरचा, कारण तो चुकीचाच डेटा डिस्कवर लिहितो आणि तुमचा नवा बॅकअपही बिघडवतो. म्हणून टेस्ट पूर्ण होईपर्यंत महत्त्वाच्या फाइल त्या मशीनवर उघडू नका, आणि जुना बॅकअप ओव्हरराइट तर अजिबात करू नका.

टेस्ट अशी करा. प्राइम९५ मध्ये आधी स्मॉल एफएफटी ही टेस्ट, त्यात कोर आणि उष्णता तपासली जाते. मग ब्लेंड ही मेमरीवरही ताण टाकणारी टेस्ट, रात्रभर, कारण एल३ आणि मेमरी कंट्रोलरची गडबड स्मॉल एफएफटीत दिसतच नाही. दहा मिनिटांच्या टेस्टला टेस्ट म्हणू नका. राउंडिंगची एरर येऊन एखादा वर्कर (प्राइम९५ एकेका कोरला देतं ते काम) थांबला तर त्याचा नंबर लिहून घ्या, पण त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बायोसमध्ये कोर एकेक करून बंद करता येत असतील तर नव्या कोरपैकी एकच चालू ठेवून पुन्हा टेस्ट करा, मग दुसरा. एक पास आणि एक नापास झाला तर नापास कोर कायमचा बंद ठेवा, एक्स२ ५५० असेल तर दोनचे तीन कोर घ्या आणि खूश राहा. व्होल्टेज ०.०२५ व्होल्टने वाढवून बघायला हरकत नाही, फार तर ०.०५. त्यानेही एरर गेली नाही तर तो कोर खरंच खराब आहे, त्याला मारून मुटकून चालवू नका.

आता ते तापमान. कोर उघडले की आतला सेन्सर बहुतेक वेळा शून्य किंवा काहीतरी भलतंच दाखवतो. कोणी म्हणतं, तापमान शून्य आहे म्हणजे थंड आहे, चालू दे, तर त्याचं ऐकू नका. आधी लिहून ठेवलेल्या दोन आकड्यांमधला फरक घ्या आणि बोर्डच्या सेन्सरवरून अंदाज बांधा. फेनॉम २ मध्ये मॉडेलनुसार मर्यादा वेगळी, काहींची ६२ अंशच आहे, त्यामुळे मी फुल लोडला ५५ च्या वर जाऊ देत नाही.

हे सगळं पास झाल्यावरच ऑटो ओव्हरक्लॉक. ते बटण बहुतेक वेळा २०० मेगाहर्ट्झचा रेफरन्स क्लॉक (ज्यावरून प्रोसेसर, रॅम सगळ्यांचा स्पीड ठरतो) वाढवतं आणि व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त देतं. २०० चं २३० झालं की १३३३ ची रॅम १५३३ वर जाते, नॉर्थब्रिज (प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि एल३ चा भाग) २००० चा २३०० होतो, म्हणजे प्रोसेसर ठीक असूनही मशीन पडतं. रॅमचा रेशो एक पायरी खाली घ्या, व्होल्टेज हाताने थोडं थोडं उतरवा, प्रत्येक वेळी ब्लेंड चालवा. ब्लॅक एडिशन असेल तर बटणाच्या नादी लागूच नका, मल्टिप्लायर (रेफरन्स क्लॉकला ज्याने गुणून प्रोसेसरचा स्पीड ठरतो तो आकडा) उघडाच असतो, तो अर्ध्या अर्ध्याने वाढवा, बाकी काही हलत नाही.

बायोस अपडेट केलं किंवा बॅटरी बदलली की सगळी सेटिंग पुसली जातात, कोर परत बंद होतात. ती परत लावल्यावर ब्लेंड पुन्हा रात्रभर चालवा.