लांब हाताचा भरवसा धरू नका: हेवीवेटच्या पोरांच्या अंतराच्या चुका

आमच्याकडं बॉक्सिंगच्या हेवीवेटला, म्हणजे जड वजनगटाला, येणारं पोरगं बहुतेक वेळा तालमीतून येतं, नाहीतर कबड्डीच्या मैदानावरून. नव्वद-पंच्याण्णव किलो वजन, मानेत ताकद, आणि पहिल्याच दिवशी प्रश्न ठरलेला: "सर, पंच जोरात कसा बसंल?" बाबा, जोर तुझ्याकडं आहेच. तो पोचवायला समोरच्यापासून किती लांब उभं राहायचं आणि मारून झाल्यावर कुठं निघायचं, ते शिकायला वेळ लागतो. तेवढा वेळ द्यायची कुणाची तयारी नसते, म्हणून त्याच त्याच चुका दर स्पर्धेत बघाव्या लागतात.

रीचचा आकडा बघून खूश होणं

रीच, म्हणजे हातांचा पल्ला, मोजतात ते दोन्ही हात आडवे पसरून, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत. म्हणजे त्यात छातीची रुंदीही आली. तुमचा रीच समोरच्यापेक्षा चार इंच जास्त असेल तर एका हाताला जास्तीत जास्त दोन इंच मिळाले, आणि खांदे रुंद असतील तर तेही नाहीत. एवढा फायदा पुढचा पाय वीतभर चुकीचा पडला की गेला.

25 सप्टेंबर 2021 ला लंडनमध्ये अँथनी जोशुआ आणि ओलेक्सांदर उसिक या दोन हेवीवेट बॉक्सरांची लढत झाली. जोशुआ 6 फूट 6 इंच, रीच 82 इंच. उसिक 6 फूट 3 इंच, रीच 78. कागदावर जोशुआनं लांबून खेळावं आणि जिंकावं. बारा राउंड झाले आणि गुण देणाऱ्या तिन्ही पंचांनी उसिकला विजयी ठरवलं. उसिकचे पाय एका जागी थांबतच नव्हते. पुढच्या हातानं जोशुआचा हात टोचत राहायचा, अर्धं पाऊल आत, डावा हात, आणि जोशुआ उत्तर देईपर्यंत हा बाजूला. ही लढत आमची पोरं मोबाइलवर बघतात, पण हायलाइट्स. तिथं पाय दिसत नाहीत.

पाय मागं ठेवून अंगानं पोचणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. तालमीतल्या पोराला पुढं झुकून, वजन पुढच्या पायावर टाकून उभं राहायची सवय असते. कुस्तीत ते बरोबरच आहे, समोरच्याला धरायचंच असतं. बॉक्सिंगमध्ये जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, चार बोटं कमी पडला की हे पोरगं पाऊल टाकायच्या ऐवजी कमरेतून वाकतं. डोकं गुडघ्याच्या पुढं जातं. पंच्याण्णव किलोचं अंग एकदा पुढं निघालं की मध्येच मागं घेता येत नाही. हलक्या वजनाचं पोरगं अशी चूक करून सावरतं, हेवीवेटला एकच उलटा पंच पुरतो.

संभाजीनगरला एका स्पर्धेत आमचं अंबाजोगाईकडचं एक पोरगं उतरलं होतं. उंच, दांडगं, जत्रेतल्या फडात कुस्त्या मारलेलं. समोरचा त्याच्यापेक्षा चांगला बुटका, पोट सुटलेला. बघून आमची मंडळी हसली. घंटा झाली आणि आमच्याचा पहिला जॅब मूठभर कमी पडला. दुसरा तसाच. बुटक्यानं काही विशेष केलं नव्हतं. आमच्याचा खांदा हलला की तो मागचा पाय अर्धं पाऊल मागं न्यायचा, बस्स. मी कोपऱ्यातून ओरडतोय, "पाय आण, पाय!" आणि मागं बसलेले त्याचे चुलते माझ्याहून मोठ्यानं, "घुस रं आत!" पोरानं चुलत्यांचं ऐकलं. वाकला, ताणला, आणि बुटक्याचा उजवा वरून कानाजवळ बसला. रेफरीनं आठपर्यंत मोजलं. उठल्यावर शहाणपण येईल असं वाटलं होतं, तर पुन्हा तेच, फक्त जास्त रागानं. लढत दुसऱ्या राउंडमध्ये थांबवली. उतरल्यावर त्याची तक्रार काय, "सर, तो पुढंच येत नव्हता."

तो कशाला येईल?

यावर माझा उपाय सुतळीचा. दोघांच्या कमरेला एकच सुतळी बांधतो, हातभर आणि वर वीतभर. दोघांचेही हात पाठीमागं. एकानं वाटेल तसं सरकायचं, दुसऱ्यानं सुतळी ढिली पडू द्यायची नाही आणि ताणूही द्यायची नाही. पुढं जाताना पुढचा पाय आधी, मागं येताना मागचा आधी, पाय कधी जवळ जोडायचे नाहीत. पोरं कंटाळतात. "पंचिंग बॅग कधी मारायची, सर?" असं विचारणाऱ्याला मी अजून आठवडाभर सुतळी देतो. याहून शास्त्रशुद्ध पद्धती असतील, माझा यावर विश्वास आहे. बॅग मागं सरकून तुमचा अंदाज चुकवत नाही, म्हणून नुसती बॅग मारणाऱ्याला अंतर येत नाही.

टायसन व्हायची घाई

माइक टायसन 5 फूट 10 इंच, रीच 71 इंच, म्हणजे हेवीवेटमध्ये लहानच. तो आत जायचा ते डोकं सतत हलवत, समोरच्याचा जॅब चुकवत. पोरं त्यातले फक्त हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं मारलेले पंच, उचलतात आणि डोकं खांबासारखं ताठ ठेवून आत शिरतात. खुद्द टायसनचं डोकं हलायचं कमी झालं होतं तेव्हा, 11 फेब्रुवारी 1990 ला टोकियोत, बस्टर डग्लसनं त्याला जॅबच्या टोकावर ठेवलं आणि दहाव्या राउंडमध्ये पाडलं.

बाकीच्या, पटापट

समोरच्याच्या ग्लव्हजकडं बघू नका. छातीच्या वरच्या भागावर नजर ठेवा, खांदा आणि पाय दोन्ही तिथून कळतात.

सरळ रेषेत मागं पळू नका. रिंग दोरांच्या आत जेमतेम 6.1 मीटर, दोन पावलांत पाठीला दोर लागतात. एक पाऊल मागं, दुसरं बाजूला.

पुढचा हात ताठ करून समोरच्याच्या तोंडावर धरून ठेवू नका. ॲमॅच्युअरमध्ये, म्हणजे हौशी बॉक्सिंगमध्ये, तो फाऊल आहे. जॅब लागला नाही तरी चालेल, पण तो परत हनुवटीशी आला पाहिजे.

जिंकतोय म्हणून समोर उभं राहू नका. 5 नोव्हेंबर 1994 ला मायकेल मूरर गुणांवर पुढं होता, पण 45 वर्षांच्या जॉर्ज फोरमनच्या उजव्या हाताच्या टप्प्यात थांबत राहिला. दहाव्या राउंडमध्ये त्याच उजव्यानं पडला.

साउथपॉ, म्हणजे उजवा हात-पाय पुढं ठेवून खेळणारा डावखुरा, समोर आला तर तुमचा पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर पाहिजे. आपल्याकडं हेवीवेटला साउथपॉ सरावाला मिळत नाही, तर मधल्या वजनाच्या डावखोऱ्या मिडलवेटला घ्या. त्यात कसली लाज?

पंच सारखा कमी पडत असेल तर डोळे तपासून घ्या. चष्म्याचा नंबर लपवणारी पोरं मी पाहिलीत.

आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, ठेवू नका. दमलेले पाय थांबतात आणि पोरगं पुन्हा कमरेतून वाकायला लागतं. सकाळी सहाला या. उशिरा येणाऱ्याला माझ्याकडं सुतळीच.