डांबर आणि माती, दोन्हीसाठी एकच गाडी: परवडणारी ड्युअल-स्पोर्ट मोटरसायकल कशी निवडावी

काळ्या रानातली पाणंद, आदल्या रात्री पडलेला पाऊस आणि माझ्याखाली मित्राची दोनशे किलोच्या घरातली मोटरसायकल. पुढचं चाक घसरलं आणि गाडी डाव्या अंगावर निजली. मला खरचटलंही नाही. पण पुढचा पाऊण तास ती उभी करण्यात गेला. पाय चिखलात रुतायचे, गाडी वीतभर उचलली की पुन्हा खाली. शेवटी वैरणीचा भारा घेऊन चाललेल्या एका काकांनी हात लावला आणि जाता जाता विचारलं, "एवढी जड कशाला घेतली?"

गाडी निवडताना मी आता याच प्रश्नापासून सुरुवात करतो. सीसी, हॉर्सपॉवर, मोबाइल जोडणारा मीटर हे सगळं नंतर.

१. आधी वापराचा हिशोब

गेल्या महिन्यात तुम्ही किती किलोमीटर डांबरावर गेलात आणि किती मातीत, हे कागदावर मांडा. स्वप्नातली लडाखची सहल यात धरू नका. तुमची माती म्हणजे शेतावर जाणारा शेवटचा दोन किलोमीटर मुरमाचा रस्ता असेल, तर ड्युअल-स्पोर्टची गरजच नाही. ज्या पाणंदीसाठी आपण दोन लाखांची गाडी शोधतोय, तिथून दूधवाला रोज पहाटे दोन कॅन लटकवून स्प्लेंडरवर जातो!

वापर जास्त करून हायवेचा आणि अधूनमधून कच्चा रस्ता, असं असेल तर सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्ससारखी पुढे १९ इंची मॅकव्हील, म्हणजे बिनतारांचं ओतीव चाक, असलेली गाडी शहाणपणाची. ओढे, खडी, जांभ्याच्या चढणी हे दर रविवारचं असेल, तरच पुढचं वाचा.

२. वजन, म्हणजे उचलून बघणं

मातीत गाडी पडतेच. चालवणारा कितीही तयारीचा असो. म्हणून ती एकट्याला उभी करता आली पाहिजे. पेट्रोलसकट वजनं साधारण अशी: स्प्लेंडर ११२ किलो, कावासाकी केएलएक्स २३० ही १३९, हीरो एक्सपल्स २०० फोर-व्ही १५९, नवी एक्सपल्स २१० जवळपास १७०, रॉयल एनफील्डची जुनी हिमालयन ४११ ही १९९ आणि हिमालयन ४५० ही १९६. कागदावर तीस-चाळीस किलोंचा फरक किरकोळ वाटतो. चिखलात, दुपारी एक वाजता, तिसऱ्यांदा उचलताना तो कळतो.

शोरूमवाला गाडी आडवी करू देणार नाही. ओळखीत कोणाकडे असेल तर त्याला चहा पाजून, गवतावर करून बघा. इंजिन बंद करा. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे जाईल. गिअरमध्ये टाका म्हणजे ती पुढेमागे सरकणार नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवा, एका हाताने हँडलची मूठ आणि दुसऱ्याने मागची फ्रेम धरा. पाठ ताठ ठेवून, मांड्यांच्या जोरावर, एकेक पाऊल मागे रेटत उठा. लागोपाठ तीनदा जमलं तर ती गाडी तुमच्या यादीत ठेवा.

३. पाय टेकतात का

स्प्लेंडरची सीट ७८५ मिलीमीटरवर असते. हिमालयन ४११ ची ८००, एक्सपल्स २०० ची साधारण ८२५, केएलएक्सची ८८०, तर एक्सपल्स २०० च्या प्रो प्रकाराची तब्बल ८९१. साडेपाच फुटी माणसाचे दोन्ही पाय ८२५ वर सपाट टेकत नाहीत. टेकायलाच हवेत असंही नाही. थांबताना बूड थोडं सरकवून डावा पाय पुरता टेकला आणि उजवा ब्रेकवर राहिला तरी पुरे. बसून बघताना मात्र पायात बूट घाला. चपलेवर घेतलेला अंदाज चुकतो.

यातल्या ड्युअल-स्पोर्टमध्ये केएलएक्स सगळ्यात हलकी, म्हणजे मोह होणारच. पण तिची टाकी ७.६ लिटरची आहे. उंची आणि पेट्रोल दोन्ही जमत असेल तर मातीसाठी तिच्यासारखी दुसरी नाही. पंप लांब असलेल्या भागात राहणाऱ्याने दोनदा विचार करावा.

४. चाकं, शॉकअप, मडगार्ड

पुढचं चाक २१ इंची असेल तर ते खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर सहज चढतं. तारांचं चाक हवं, कारण दगडावर आदळून ते वाकलं तर तालुक्याच्या गावचा कारागीर आरे आवळून सरळ करतो. मॅकव्हीलला तडा गेला की चाकच बदलावं लागतं. तारांच्या चाकाची दुखरी बाजू म्हणजे ट्यूब. खिळा घुसला की हवा लगेच जाते, आणि रानात चाक उतरवायची वेळ येते. त्यामुळे जादा ट्यूब, टायर लिव्हर आणि हातपंप सोबत ठेवणं ओघानंच आलं. हिमालयन ४५० ला ट्यूबलेस तारांची चाकं मिळतात, पण त्या गाडीचा हिशोब वेगळा आहे. तो पुढे येतोच.

शॉकअपची चाल, म्हणजे तो किती दबतो ते, दोनशे मिलीमीटरच्या आसपास आणि पोटाखालची उंची किमान २२० असावी. आणि एक गोष्ट जी जाहिरातीत कोणी सांगत नाही: पुढचं मडगार्ड वर, चाकापासून लांब असावं. मराठवाड्यातल्या कोणालाही विचारा. काळी माती टायर आणि मडगार्डमध्ये ठासून बसली की चाक फिरायचंच थांबतं.

५. इंजिन आणि किंमत

दोनशे सीसीची गाडी हायवेला ८०-८५ च्या वेगाने दिवसभर आनंदाने जाते. शंभरला ती धापा टाकते. पुण्याहून कोल्हापूर दर आठवड्याला करणार असाल तर हा त्रास होईल. मातीत मात्र वीस हॉर्सपॉवरसुद्धा नवख्याला पुरून उरतात.

पैशांचं गणित २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललंय. ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांवर ४०. म्हणजे हिमालयन ४५० घेणारा करातच बरंच मोजतो. परवडणारी हा शब्द खरा मानायचा, तर ३५० च्या आत राहा. शोरूमची किंमत म्हणजे हातात पडणारी किंमत नव्हे, हेही लक्षात असू द्या. वाहन कर, नोंदणी आणि पाच वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा त्यावर चढतो.

ब्रेकबद्दल एकच विचारा: मागचा एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंद करता येतो का? सुट्या मुरमाच्या उतारावर एबीएस ब्रेक सोडत राहतो आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. एक्सपल्स २०० ला एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे. शहरात ही उणीव, मातीत सोय.

६. जुनी घ्यायची असेल तर

माझं मत विचाराल तर पहिली गाडी जुनीच घ्यावी. पहिला ओरखडा आधीच पडलेला असतो, त्यामुळे जीव कमी तुटतो. मे २०१९ मध्ये आलेल्या एक्सपल्स २०० आणि २०१६ पासूनच्या हिमालयन बाजारात मुबलक आहेत.

बघायला सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर का, ते विचारा. पुढच्या फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) नळ्यांवर तेलाचा ओघळ म्हणजे सील गेलंय. चाक अधांतरी फिरवून रिम डुलते का पाहा, पान्याने एकेक आरा वाजवा. सगळे सारखे टणकारले पाहिजेत, बद्द वाजणारा सैल आहे. मागचं चाक धरून आडवं हलवा, खडखड झाली तर बेअरिंग बदलायचा खर्च धरा. खाली वाकून इंजिनखालच्या पत्र्यावरचे घाव बघा. घाव असणं वाईट नाही, पण "फक्त ऑफिसला वापरली" म्हणणाऱ्याच्या गाडीला ते असतील तर बाकीच्या बोलण्यावरही किती विसंबायचं ते ठरवा. एअर फिल्टर उघडायला लावा, त्यात वाळलेला गाळ दिसला तर घरची वाट धरा.

कागदांत आरसी, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा उतरलाय का ते पाहा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० वर सही घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

७. थोडे पैसे मागे ठेवा

बजेट पावणेदोन लाखांचं असेल तर गाडी दीडची बघा. उरलेल्यात चांगलं आयएसआय हेल्मेट, घोटा झाकणारे बूट, गुडघ्या-कोपरांचे गार्ड घ्या. मग गाडीला हँडगार्ड आणि इंजिनखाली जाड पत्रा. हँडगार्ड नसेल तर पहिल्याच पडण्यात क्लचचा लिव्हर तुटतो, आणि क्लचशिवाय घाट चढणं म्हणजे काय ते मला विचारू नका. दीड-दोनशे रुपयांचा जादा लिव्हर ट्यूबसोबत पिशवीत टाका. तो बदलायला लागणारा पानाही.