हँडल जड लागतंय? कोनसेट खोलण्याआधी एवढं बघा

गेल्या वर्षी गणपतीला कराडहून चिपळूणला निघायच्या आठवडाभर आधी मोटरसायकलचं हँडल जड झालं. मी शहाणपणा करून थेट कोनसेटच (हँडल ज्यावर फिरतं ते वाट्या आणि छर्‍यांचं बेअरिंग) बदलून घेतला. पैसे गेले, अर्धा दिवस गेला, आणि कुंभार्ली घाटाच्या पहिल्याच मोठ्या वळणाला हँडल होतं तसंच. म्हणून यंदा पान्याला हात लावायच्या आधी हे सगळं बघायचं.

हवा. पुढच्या चाकाची, टायर थंड असताना, गेज लावून. लाथ मारून नव्हे. 100 ते 150 सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे 25 पीएसआयच्या आसपास लागते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ती पंधरावर आली की गाडी ढकलतानाच हँडल चिकटल्यासारखं वाटतं. टायर मध्ये सपाट झिजलेला असेल तर तोही गुन्हेगार.

आता वायरी. क्लचची, एक्सलेटरची, स्पीडोमीटरची, आणि हेडलाइटच्या मागून जाणारा वायरिंगचा जुडगा. मी मोबाइल चार्जर बसवला होता आणि त्याची वायर लोंबू नये म्हणून प्लॅस्टिकची पट्टी करकचून आवळली होती, जुडग्यासकट, थेट चेसिसला. स्वतःच्या हाताने! हँडल डावीकडे वळवलं की जुडगा ताणला जायचा. घाट उतरल्यावर टॉर्च मारून पाहिलं, तर पट्टीखाली वायरचं आवरण घासून चकचकीत झालेलं आणि एका जागी तांबं उघडं. पट्टी कापली, हँडल मोकळं. चार आण्याची पट्टी, आणि मी कोनसेट बदलून बसलो होतो.

तेव्हा नीट ऐका: जडपणा एकाच बाजूला असेल, किंवा हात सोडल्यावर हँडल आपोआप मध्ये परत येत असेल, तर आधी वायरी. दोन्हीकडे सारखंच जड असेल तरीही आधी वायरी, कारण बघायला दोन मिनिटं लागतात. गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. रेस जराही वाढली तर एक्सलेटरची वायर ताणली जातेय. यू-टर्न घेताना गाडी स्वतःहून उसळली तर काय होईल, ते मी सांगायला नको.

हे झाल्यावरच कोनसेट. गाडी डबल स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागून कॅरियर दाबायला लावा म्हणजे पुढचं चाक उचलेल. माणूस नसेल तर इंजिनखाली लाकडाचा ठोकळा द्या, सायलेन्सरच्या बेंडखाली नको. एका बोटाने हँडल फिरवा. मधोमध खटका लागून ते तिथेच बसू पाहत असेल तर वाट्यांमध्ये छर्‍यांचे खड्डे पडलेत. ग्रीसने भागणार नाही, सेटच बदला. दोन्हीकडे सारखं आवळल्यासारखं लागलं तर कोनसेटचा नट जास्त कसलाय. असली गाडी हळू चालवताना सरळ राहत नाही, सापासारखी वळवळते. मग पुढच्या चाकाचे शॉकअप खालून धरून पुढे-मागे हलवा. टक् वाजलं तर कोन ढिले, म्हणजे उलटा आजार. करकर असेल तर ग्रीस गेलंय, आणि ते बहुधा प्रेशरच्या पाण्याने धुतलंय. वॉशिंगवाल्याला हँडलखाली पाण्याचा फवारा मारू देऊ नका. आणि या सगळ्यात वायरी बघितल्यात ना?

गाडी कुठे आपटली असेल तर शॉकअप वाकलाय का ते बघा. ते घरचं काम नाही.

सेट बदलायचाच झाला तर वाट्यांसकट पूर्ण बदला, नुसते छर्रे नकोत. टी (दोन्ही शॉकअप धरून ठेवणारा, मधल्या दांड्यावर फिरणारा भाग) काढताना सुटे छर्रे घरंगळतात, खाली ताट ठेवा. वरचे आणि खालचे वेगळे ठेवा. ग्रीस भरपूर. वरचा मोठा नट कसल्यावर कोन पुन्हा आवळले जातात, म्हणून परत एका बोटाने फिरवून बघा.

हेडलाइट बसवायच्या आधी वायरी. बसवल्यानंतर पुन्हा वायरी, गाडी चालू ठेवून, टोकापासून टोकापर्यंत. मग रिकाम्या रस्त्यावर दोन यू-टर्न, एक डावा, एक उजवा.