हातानं केलेले दागिने थेट बनवणाऱ्यांकडून, बजेटमध्ये कसे शोधायचे

गणपती जवळ आले की सगळ्यांना एकदमच नथ, खणाचे कानातले, टेराकोटाचा सेट असं सगळं हवं असतं, मग शोधाशोध सुरू होते आणि शेवटी गाडी नेहमी एकाच ठिकाणी येऊन थांबते, की हँडमेड म्हणजे महाग बाई, नको. मला हे ऐकलं की खरंच वाईट वाटतं, कारण हातानं केलेली वस्तू बहुतेक वेळा महाग होते ती मधल्या दुकानांमुळे. समजा बनवणारी ताई टेराकोटाचे कानातले २०० ला देतेय, तेच छान डबीत घालून बुटीकमध्ये ५००-६०० ला ठेवतात आणि त्यातला वरचा पैसा तिच्यापर्यंत जातच नाही. त्यामुळे स्वस्त दुकान शोधत बसण्यापेक्षा बनवणारं माणूस शोधा, पुढे मी जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे प्रदर्शनं. पुण्यात डिसेंबरच्या सुमारास भीमथडी जत्रा भरते, मुंबईत बीकेसीच्या मैदानावर महालक्ष्मी सरस भरतं, तिथे महाराष्ट्रभरच्या बचत गटांच्या बायका स्वतः स्टॉलवर असतात. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत काळा घोडा फेस्टिव्हल असतो, तिथले भाव थोडे चढे असतात पण नवीन डिझायनर आणि आर्ट कॉलेजची मुलं भेटतात, त्यांचं कार्ड नाहीतर इन्स्टा हँडल घेऊन ठेवायचं आणि खरेदी नंतर निवांत करायची. आणि दिवाळीच्या आधी सोसायटीच्या हॉलमध्ये, मंगल कार्यालयात, महिला मंडळात जी छोटी छोटी दोन दिवसांची प्रदर्शनं लागतात ना, ती अजिबात सोडू नका. तिथे स्टॉलचं भाडं कमी असतं, म्हणून भावही कमी असतो, आणि ती ताई बहुतेक तुमच्याच एरियात राहणारी असते, म्हणजे नंतर काही तुटलं-बिटलं तर घरी जाऊन दुरुस्त करून आणता येतं.

आता प्रदर्शनात बसलेला प्रत्येक जण बनवणारा असतो असं नाही, घाऊक बाजारातून माल उचलून हँडमेडची पाटी लावणारेही भरपूर असतात. ओळखायचं कसं? मी एकच प्रश्न विचारते, "या कानातल्याचं हूक बदलून मिळेल का?" जी स्वतः बनवते ती तिथल्या तिथे टेबलाखालून पक्कड काढते, जुनं हूक उघडते, दुसरं अडकवते, दोन मिनिटांचं काम, आणि ते करताना पैसेही मागत नाही. जिनं माल विकत आणलाय ती म्हणते, "नाही हो, जसं आहे तसंच." दुसरी खूण म्हणजे एकच डिझाइन, तोच रंग, तीच चमक, असे वीस-पंचवीस नग लटकवलेले असले तर समजून जायचं. तिसरं म्हणजे बनवणाऱ्या बाईला तिच्या कामाबद्दल नुसतं "हे कसं केलंत?" विचारून बघा, ती सांगत सुटते.

मालाबद्दल थोडं माहीत असलं की फसवणूक होत नाही आणि भावही बरोबर वाटतो का ते कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टेराकोटा म्हणजे भट्टीत भाजलेली माती. हल्ली एअर ड्राय क्ले नुसती वाळवून, रंगवून टेराकोटा म्हणून विकतात. दोन्ही वाईट नाहीत पण भाव वेगळा हवा. भाजलेली माती नखानं हलकं टिचकी मारली तर टणक, खणखणीत वाजते आणि पाण्यानं विरघळत नाही, न भाजलेली ओलाव्यानं मऊ पडते. काळं टेराकोटा दिसलं तर ते रंगवलेलं आहे की धुराच्या भट्टीत काळं केलंय ते विचारा, धुराचं असेल तर रंग उडायचा प्रश्नच नाही. जड कानातले घेऊ नका कितीही सुंदर असले तरी, कानाची भोकं ओघळतात.

डोकरा हे छत्तीसगडच्या बस्तर भागातलं, ओडिशा-बंगालमधलंही काम, प्रदर्शनांत तिकडचे कारागीर येतात. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळून नक्षी करतात, वरून पुन्हा माती लिंपतात, भाजताना मेण वितळून जातं आणि त्या जागी पितळ ओततात, मग साचा फोडूनच वस्तू काढावी लागते. म्हणजे प्रत्येक साचा एकदाच वापरायचा. त्यामुळे जोडीतले दोन कानातले हातात घेऊन शेजारी धरून बघा, तारांच्या रेघा किंचित इकडे तिकडे असणारच. दोन्ही अगदी रेघेला रेघ सारखे असले तर ते दुसऱ्या पद्धतीनं ओतलेलं पितळ आहे.

चांदी घ्यायची असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी माहीत असू द्या, हातकणंगले तालुक्यातलं हे गाव चांदीच्या कामासाठीच ओळखलं जातं, घराघरात पैंजण बनवायचं काम चालतं. तिथे किंवा कुठल्याही कारागिराकडे गेल्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या: वजन किती, टंच किती, मजुरी किती. टंच म्हणजे शंभरात चांदी किती ते, पैंजणाला बऱ्याचदा कमी टंचाची चांदी वापरतात, ते चूक नाही पण बिलावर तसं लिहिलेलं पाहिजे, नाहीतर मोडीला गेल्यावर तोंड पडतं. ९२५ लिहिलेलं असलं तर हजारात ९२५ भाग चांदी. आणि जर्मन सिल्व्हर या नावाला भुलू नका, त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी अजिबात नसते. ऑक्सिडाइज्ड म्हणून जे काळपट दागिने मिळतात ते खऱ्या चांदीचेही असतात आणि साध्या मिश्र धातूचेही, नुसत्या रंगावरून कळत नाही. ज्यांना कानाला खाज येते, पू होतो त्यांना बहुतेक वेळा निकेल चालत नसतं, त्यांनी खालचा लटकन कसलाही घ्यावा पण हूक चांदीचं लावून मागावं, थोडेच पैसे जास्त जातात.

कोल्हापुरात गेलात तर अंबाबाईचं दर्शन झाल्यावर जवळच गुजरी आहे, तिथे सोन्याचे साज आहेत तसेच पॉलिशचेही, म्हणजे वरून सोन्याचा मुलामा दिलेलेही आहेत. साज हातात घेऊन नीट बघा, चंद्र, शंख, कासव, मासा, भुंगा अशी पानं आणि मधे जवमणी. पातळ पत्र्यावर ठशानं आकार उठवतात आणि पानाच्या पोकळ पोटात लाख भरतात, म्हणून दिसायला भरीव आणि वजनाला हलकं. पॉलिशचा साज घेताना पान उलटं करा. मागची कड बोटाला टोचत असेल, लाख बाहेर आलेली असेल तर काम घाईत उरकलंय. आणि "पॉलिश गेल्यावर परत करून द्याल का?" हे घेतानाच विचारायचं, जो हो म्हणतो त्याच्याकडून दहा टक्के जास्त देऊन घेतलं तरी परवडतं.

नथीचं म्हणाल तर मोत्याच्या भोकापाशी मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा. प्लॅस्टिकच्या मोत्याचा वरचा थर भोकापाशी सुटायला लागलेला दिसतो, काचेचा मोती जरा जड आणि हाताला गार लागतो. तारेचं टोक आत वळवलेलं पाहिजे नाहीतर नाक सोलवटतं. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ घ्या, पण ऑर्डर देतानाच सांगा, नंतर बदलणं अवघड असतं.

खण आणि पैठणीच्या तुकड्यांचे दागिने, पोटली, पाऊच यांची सध्या खूप चलती आहे. हातमागाचं खण म्हणजे मुळात कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं, पण बाजारातलं बरंचसं खण पॉवरलूमचं असतं. पैठणीचंही तसंच, हातमागाच्या पैठणीत नक्षी मागून पण पुढच्यासारखीच साफ दिसते, मशीनच्या कापडाला मागे सुटे धागे असतात. कानातल्यात कापड चिकटवलेलं असल्यामुळे मागची बाजू दिसत नाही, म्हणून कापडाचा मूळ तुकडा दाखवा म्हणायचं. मशीनचं कापड असेल तर घेऊ नका असं मी म्हणत नाही, फक्त त्याला हातमागाचा भाव देऊ नका.

इन्स्टाग्रामवर शोधताना नुसतं हँडमेड ज्वेलरी टाकलं तर जगभरचं येतं, त्यापेक्षा शहराचं नाव आणि वस्तूचं मराठी नाव एकत्र टाका, खण ज्वेलरी पुणे, नथ नाशिक, टेराकोटा ठाणे असं. पेज सापडलं की फॉलोअर किती ते बघू नका, टॅग केलेले फोटो बघा, तिथे गिऱ्हाइकांनी घातलेले खरे दागिने दिसतात. मग पेजवरचा एखादा फोटो गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोधून देणाऱ्या गूगलच्या सोयीत टाका, तोच फोटो दहा साइटवर निघाला तर ती ताई फक्त पुढे विकतेय. आणि मग मेसेज करा, असा काहीतरी: "ताई, हे हिरव्यात आणि थोडं लहान करून मिळेल का? मागच्या बाजूचा फोटो पाठवाल का? किती दिवस लागतील?" बनवणारी असेल ती म्हणेल हिरवं कापड संपलंय, पोपटी चालेल का, किंवा दहा दिवस लागतील, हातात दोन ऑर्डर आहेत. असं उत्तर आलं की मला एकदम भरवसा वाटतो.

आता घासाघीस. मला ही प्रदर्शनातली घासाघीस अजिबात बघवत नाही. समजा क्रोशाच्या कानातल्याला दीड तास लागतो, दोरा-हूक-पॅकिंगचे ३० रुपये, आणि ती १५० ला विकतेय, म्हणजे तिला तासाचे ८० रुपये मिळतायत, त्यातून स्टॉलचं भाडं आणि प्रवास जायचाय. शंभरला दे म्हटलं तर तिच्या हातात काय राहणार? आणि परवडण्यासाठी घासाघीस करायची गरजच नसते, दुसरे खूप रस्ते आहेत.

एक तर वेळ. पितृपक्षात लोक खरेदी टाळतात, आषाढातही बाजार थंड असतो, त्या दिवसांत बनवणाऱ्यांकडे वेळ असतो, दसरा-दिवाळीची ऑर्डर तेव्हाच दिली तर मनासारखं करून मिळतं आणि बऱ्याच जणी आपणहून भाव कमी लावतात. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मागायला गेलात तर ते शक्य नाही.

दुसरं म्हणजे घरातलं सामान द्या. तुटलेल्या माळेचे मोती, आजीच्या जुन्या पोतीतले मणी, फाटलेल्या साडीचा काठ, एकच उरलेला झुमका, हे सगळं एका पिशवीत घालून घेऊन जा आणि नुसती मजुरी द्या. यातून जे होतं ते बाजारात कुठेच मिळणार नाही आणि पैसेही निम्मे लागतात. विशेषतः लग्नघरात हे करून बघा, आईच्या शालूच्या काठातून सगळ्या बहिणींना चोकर करून घेता येतात.

मग किरकोळ खोट असलेले नग असतात, रंग जरा सांडलेला, मणी एक लहान एक मोठा, ते ती पुढे मांडत नाही पण विचारलं तर काढून दाखवते. मोठी डबी नको, कागदात द्या म्हणायचं, डबीचे २०-३० रुपये वाचतात. बाहेरगावाहून मागवत असाल तर चार मैत्रिणींची ऑर्डर एकत्र करा, कुरिअर एकदाच पडतं. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी गेलात तर माल परत न्यायचा नसल्यामुळे भाव आपोआप उतरलेले असतात, पण तोपर्यंत चांगलं काय ते संपलेलं असतं हेही आहेच.

ऑनलाइन ऑर्डर देताना निम्मे पैसे आधी, निम्मे वस्तूचा व्हिडिओ बघितल्यावर, हे बहुतेक जणी मान्य करतात आणि दोघींना बरं पडतं. व्हिडिओ दिवसाच्या उजेडात घ्यायला सांगा. कस्टम वस्तू परत घेत नाहीत, त्यामुळे माळेची लांबी, बांगडीचं माप, चोकरसाठी गळ्याचं माप टेपनं मोजूनच पाठवा. पार्सल उघडताना व्हिडिओ करा, मोडकं आलं तर बोलायला पुरावा लागतो.

घरी आल्यावर प्रत्येक दागिना वेगळ्या झिपच्या पिशवीत, आणि परफ्यूम आधी, दागिना नंतर, पॉलिश सगळ्यात लवकर जातं ते स्प्रे आणि घामामुळेच. ठुशी, बोरमाळ, चिंचपेटी यांचा दोरा काही वर्षांनी कुजतो, तो तुटायची वाट बघू नका. जुन्या पेठांमधून, सराफ बाजाराच्या आसपास अजून पटवेकरी बसतात, मंगळसूत्र गाठवून देणारे, ते पाहिजे तर तुमच्यासमोर बसून माळ पुन्हा ओवून, गोंडा बदलून देतात. आणि कुठली नथ कोण चांगली करतं, कोणत्या गल्लीत कोणाच्या घरी काम चालतं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं, तेव्हा माळ ओवून होईपर्यंत तिथेच बसून विचारून घ्या.