फर्निचरमधील फॉर्मल्डिहाइड कसे टाळावे
पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये प्लायवूड किंवा एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड) घेताना भावाआधी उत्सर्जनाची श्रेणी, म्हणजे बोर्डातून किती फॉर्मल्डिहाइड सुटतो याची प्रत, विचारावी आणि ई-० (सर्वांत कमी उत्सर्जन) किंवा निदान ई-१ असा शिक्का असलेलाच बोर्ड निवडावा, कारण स्वस्त बोर्डांतील युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू अनेक महिने घरात सुटत राहतो. डोळे आणि घसा चुरचुरवणाऱ्या या वायूला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवले. बाळाच्या खोलीबाबत तरी तडजोड करू नये, असे मला मनापासून वाटते. उष्णता व दमटपणाने उत्सर्जन वाढते. बोर्डाच्या कापलेल्या सर्व कडा, कपाटाच्या मागच्यासुद्धा, सुताराकडून एज बँडने (कडेवर चिकटवायच्या पट्टीने) बंद करून घ्याव्यात, म्हणजे तिथून वायू कमी सुटतो. असा गोंदाचा बोर्ड नसलेले, भरीव लाकडाचे जुन्या बाजारातले सागवानी कपाट चांगला पर्याय ठरते. मात्र त्यावरील जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये.