कर्मचाऱ्याची प्रेरणा ओळखून काम कसे सोपवावे

एखाद्याचे काम खालावले की विभागप्रमुख त्याचे कौशल्य तपासतात किंवा पगारवाढ सुचवतात. त्याला या कामातून नेमके काय हवे आहे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो करण्यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी मांडलेल्या संपादन (काम उत्तम रीतीने तडीस नेण्याची ओढ), संलग्नता (माणसांशी जवळीक राखण्याची ओढ) आणि सत्ता (इतरांवर प्रभाव पाडण्याची ओढ) या तीन प्रेरणा मला सर्वांत उपयोगी वाटतात. अर्थात पगार वेळेवर होत नसेल किंवा वरिष्ठांची वागणूक अपमानास्पद असेल, तर आधी ते दुरुस्त करावे.

प्रेरणा ओळखण्यासाठी थेट प्रश्न विचारू नये, कारण माणूस बहुधा शोभेल असेच उत्तर देतो. त्याऐवजी महिनाभर लक्ष ठेवावे आणि काम संपल्यावर तो आपणहून कशाबद्दल बोलतो, ते टिपून ठेवावे: कामाच्या अचूकतेबद्दल, सोबतच्या माणसांबद्दल, की कोणाचे म्हणणे मान्य झाले याबद्दल.

संपादन प्रेरणा प्रबळ असलेली माणसे खुंटीवर कडी फेकण्याच्या खेळात फार जवळ किंवा फार दूर उभी न राहता मधले अंतर निवडतात, असे मॅक्लेलंड यांना आढळले. म्हणून त्यांना कठीण, पण आवाक्यातले उद्दिष्ट द्यावे, निकालाची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवावी आणि काम कसे झाले हे वार्षिक मूल्यमापनाची वाट न पाहता त्याच आठवड्यात सांगावे. संलग्नतेची ओढ असलेल्यांना नवागतांना रुळवण्याचे किंवा जुने ग्राहक सांभाळण्याचे काम मानवते.

खरी चूक बढतीच्या वेळी होते. विक्रीत सर्वांत पुढे असलेल्या माणसाला बक्षीस म्हणून गटप्रमुख केले जाते. परंतु त्याला स्वतः काम तडीस नेण्यात समाधान मिळत असल्याने तो सहकाऱ्यांची कामेही आपल्याकडे ओढून घेतो आणि दोन्हीकडचे काम बिघडते. मॅक्लेलंड आणि डेव्हिड बर्नहॅम यांनी १९७६ मध्ये मांडले, की चांगल्या व्यवस्थापकात सत्तेची, म्हणजे इतरांवर प्रभाव पाडण्याची, पण संस्थेच्या हितासाठी संयमाने वापरलेली प्रेरणा अधिक असते. सर्वांचे आवडते होण्याची गरज प्रबळ असलेला प्रमुख मात्र एकेकाला सवलती देत राहतो आणि उरलेल्यांना तो अन्याय वाटतो. त्यामुळे बढती देण्यापूर्वी त्या व्यक्तीकडे तीन महिने एक छोटा गट सोपवावा, आणि त्या काळात तिने स्वतः किती काम केले यापेक्षा गटातील इतरांचे काम किती सुधारले, याची नोंद ठेवावी.