गणपतीला घर भरलं की आयएनएफपी माणूस का चिडतो, आणि त्यावर काय करावं

मायर्स-ब्रिग्ज या स्वभाव ओळखायच्या चाचणीच्या पद्धतीत माणसांचे १६ प्रकार मानतात. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ मध्ये मांडलेल्या विचारांवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ही पद्धत बसवली. त्यातला आयएनएफपी हा अंतर्मुख, ध्येयवादी, मनाला पटेल तेच करणारा. हे वैद्यकीय निदान नव्हे. तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. म्हणून कपाळावर शिक्का मारून घेऊ नका, स्वतःची चीड ओळखायला याचा उपयोग करा.

या पद्धतीनुसार आयएनएफपीची सगळ्यात बळकट बाजू म्हणजे आतला भावनिक कौल आणि सगळ्यात कच्ची बाजू म्हणजे चारचौघांत मुद्देसूद मांडणी. काहीतरी चुकतंय हे त्याला लगेच कळतं, पण का ते तिथल्या तिथे सांगता येत नाही. मग तो गप्प बसतो, साठवतो आणि एक दिवस भलत्याच गोष्टीवरून फुटतो. कोकणात याची खरी कसोटी गणपतीत लागते. चाकरमानी येतात, ओटीपासून मागीलदारापर्यंत माणसं असतात आणि रात्री उशिरापर्यंत भजनं चालतात.

गणपतीच्या आठवडाभर आधीपासून एका वहीत तीन रकाने आखा: काय घडलं, अंगात काय झालं, कशाला धक्का लागला. नोंद त्याच दिवशी करा आणि एका ओळीत करा. उदाहरणार्थ: ‘आत्याने पाहुण्यांसमोर मुखदुर्बळ म्हटलं; कान तापले; मी आहे तसा चालत नाही.’ ‘कामाला येणाऱ्या मावशींना सगळ्यांच्या शेवटी थंड जेवण वाढलं, घास उतरेना, माणसाला माणूस मानणं.’ ‘पहाटे मिक्सर लावला; डोकं ठणकलं;’ आणि पुढे काहीच सुचत नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो नुसता त्रास आहे, तिथे मूल्याचा प्रश्न नाही. त्यावर कापूस कानात घालणं किंवा दुसऱ्या खोलीत झोपणं एवढाच उपाय पुरे. या दोहोंची गल्लत झाली की मिक्सरवरूनही तत्त्वाचं भांडण होतं.

दुसरी चूक तिसऱ्या रकान्यात होते. तिथे ‘सत्य’, ‘न्याय’ असे भारदस्त शब्द येऊ लागतात. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षभरात यासाठी मी वेळ, पैसा किंवा कुणाची मर्जी सोडली का? नसेल सोडली तर तो आवडलेला विचार आहे, खोडा. शेवटी तीन ते पाच मूल्यं उरली पाहिजेत. बहुधा त्यात प्रामाणिकपणा, दुबळ्याची बाजू, स्वतःच्या मनाने ठरवण्याची मोकळीक आणि एकांत यांतलं काहीतरी असतं.

आता बोलायचं कसं? घटना, परिणाम, मागणी, बस्स. ‘आत्या, सगळ्यांसमोर मला मुखदुर्बळ म्हटलंस ते लागलं. पुन्हा म्हणू नकोस.’ हे त्याच दिवशी, पण एकट्यात सांगा. ‘तू नेहमीच’ने सुरुवात केली की समोरचा जुनी उणीदुणी काढतो. रात्री लिहिलेला लांबलचक मेसेज सकाळपर्यंत पाठवू नका. सकाळी त्यातली जेमतेम दोन वाक्यं ठेवण्यासारखी वाटतात.

काही ठिकाणी बोलण्यापेक्षा आधी काम अंगावर घेणं बरं. थर्माकोलच्या मखराचंच घ्या. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यावर बंदी आहे, तरी चतुर्थीच्या आदल्या रात्री खोका उघडल्यावर कायदा सांगून उपयोग नाही, कारण तेव्हा हाताशी दुसरं काहीच नसतं. पंधरा दिवस आधीच सांगा, ‘यंदाची आरास माझ्याकडे.’ बांबू, साड्या आणि कागद यांत भागतं. सिंधुदुर्गात माटवीही, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची लाकडी चौकट, तुम्हीच बांधायला घ्या. नारळासारखी जड फळं चौकटीच्या सांध्यांजवळ बांधा, मधे बांधली तर पट्टी वाकते. सुपारीची शिपटं (घोस), कवंडाळं (रानफळं) आणि आंब्याचे टाळ (डहाळ्या) त्यानंतर. हे काम दोघांत होतं, त्यात बोलायची सक्ती नसते आणि घरात आपला वाटाही दिसतो. अबोल माणसाला याहून चांगली जागा नाही.

घरच्यांसाठी एवढंच: ‘असो गप कित्याक बसलंस?’ हे सगळ्यांसमोर विचारू नका. त्याने तो आणखी आत जातो. ‘नारळ सोलूक येतंस?’ असं विचारा, तो उठून येईल. आरतीनंतर अर्धा तास तो मागीलदारी किंवा समुद्रावर गेला तर त्याच्यामागे पोरं पाठवू नका. आणि त्याने ती वेळ आधीच सांगून ठेवावी, नाहीतर रुसला असंच सगळे धरतात.

विसर्जन झाल्यावर वही चाळा. एकाच माणसाचं नाव तीनदा आलं असेल तर तो मुंबईची गाडी पकडायच्या आत त्याच्याशी बोलून घ्या. फोनवर हे बोलणं होत नाही, आणि पुढच्या चतुर्थीपर्यंत ते तसंच राहतं.